येसू कोम राणू

मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी दादामियाँच्या दुकानात नऊ वह्या आल्या. टेम्पोवाल्याने त्या उंबऱ्याच्या आत ठेवल्या, हात पँटीला पुसले आणि तो निघून गेला. परातीएवढ्या रुंद वह्या. चामड्याचे पुठ्ठे सुटून लोंबत होते, शिलाई कुजली होती, कडा कसरीने खाल्ल्या होत्या. मेहरुनने पहिली वही उचलली तशी आतली पानं घसरून तिच्या पायावर पडली.

"सावकाश," दादामियाँ म्हणाले. "रद्दी नाही ती."

बुधवार पेठेतल्या त्या बोळात समोरची चार दुकानं स्पीकरची. दिवसभर कुठला ना कुठला स्पीकर तपासायला लावलेला असायचा. त्या धडधडीत दादामियाँनी चाळीस वर्षं पुस्तकं बांधली होती. आता त्यांचे हात कापत. खळ शिजवणं, पुठ्ठा कापणं, कापड डकवणं त्यांची सून मेहरुन करायची आणि पानांचे गठ्ठे दोऱ्याने एकमेकांना शिवायचं काम मुक्ताबाईकडे. मुक्ताबाई वारज्याची. हायवेत शेत गेलं तेव्हापासून, अठरा वर्षं, ती पीएमटीने इथे येत होती. तिचा अंगठा दोरा ओढून ओढून एका बाजूला चपटा झाला होता.

दुपारी रेकॉर्ड रूमचा कारकून अनिरुद्ध आला. चष्मा कपाळावर चढवून त्याने वह्या मोजल्या.

"पंचवीस तारखेला परत हव्यात. एक पान जरी कमी निघालं तर पुढचं काम दुसऱ्याला. आणि वाचत बसू नका, शिवायला दिल्यात."

"इंग्रजीत आहेत साहेब," दादामियाँ म्हणाले. "आम्ही काय वाचणार?"

"उत्तमच आहे ते," अनिरुद्ध म्हणाला आणि गेला.

मेहरुन बारावी शिकलेली होती. तिने पहिल्या पानावरची धूळ मऊ ब्रशने झाडली आणि वाकून अक्षरं लावली.

"दवाखान्याची वही आहे. मेलेल्यांची नोंद. अठराशे एकाहत्तरपासून."

मुक्ताबाईने हात मागे घेतला. "कशानं मेलेली?"

मेहरुनने बोट वरून खाली नेलं. "कॉलरा. कॉलरा. ताप. हगवण. कॉलरा. इथे डाग पडलाय. कॉलरा."

"म्हंजी पटकी," मुक्ताबाई म्हणाली. मग विचारलं, "कागदात ऱ्हात असंल का गं ती?"

"दीडशे वर्षं? नाही मावशी."

तरी तिने पदर नाकाला बांधला.

घरी नवऱ्याला, सर्जेरावांना, हे कळलं तेव्हा त्यांनी तिला अंगणातच थांबवलं. बाहेरच्या मोरीत पाणी काढून दिलं, आंघोळ करून मग आत ये म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ती रीतच झाली. कपाटात मुलीच्या, शेफालीच्या, लग्नाच्या साड्या होत्या. त्यांना तिने हात लावायचा नाही असंही ठरलं. बसमधून उतरून उन्हाने तापलेल्या अंगावर गार पाण्याचा तांब्या पडला की तिला दम लागायचा, खोकल्याची उबळ यायची आणि सर्जेराव खोकला ऐकून आणखी दोन हात लांब सरकायचे.

शेफालीचं लग्न अठ्ठावीस तारखेला होतं. ती कर्वेनगरच्या एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घ्यायची. मुलगा, रविराज, विश्रांतवाडीचा. माणसं चांगली होती. सगळं ठरलं होतं आणि एका गोष्टीवर अडलं होतं. विश्रांतवाडीकरांना हळद करायची होती, दोन्ही घरची एकत्र, हॉल घेऊन. आणि सर्जेरावांच्या, ढोण्यांच्या घरात हळद नव्हती. कधीच नव्हती. ढोण्यांच्या मुलींना लग्नात हळद लागत नसे, आणि घरातली बाई दुसऱ्याच्या हळदीलाही जात नसे. मुक्ताबाई या घरात आली तेव्हा माहेरची हळद ती अंगावर घेऊनच आली होती. सासूने उंबऱ्याबाहेर उभी करून ती धुऊन काढली होती.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी मोठ्याने बोलत नसे. सर्जेरावांचा खापरपणजोबा राणू. त्याची बायको सहा महिन्यांचं पोर घरात टाकून हळदीला म्हणून गेली ती आलीच नाही. कुणाबरोबर गेली, कुठल्या गावची हळद, काही कळलं नाही. त्या पोराला, महादूला, चुलतीने वाढवलं. त्याचाच पुढे हा सगळा वंश. त्या बाईचं नावसुद्धा उरलं नव्हतं. 'ती हळदवाली', एवढंच. शेफालीला लॅबमधून यायला उशीर झाला की सर्जेराव दारात उभं राहून म्हणायचे, "रगत कुटं जातंय. हळदवालीचंच हाय."

रविवारी विश्रांतवाडीहून समाधानराव, मुलाचे वडील, आले. चहा घेतला. मेथीचा वाफा बघितला. चार गुंठे राहिले होते, दोन इमारतींच्या मधे. मग म्हणाले, "सर्जेराव, आमच्या कानावर काहीबाही येतंय. तुमच्याकडून ऐकलं तर बरं पडेल."

"आमच्यात हळद न्हाई. रीत हाय ती."

"रीतीला कारण असतं ना?"

सर्जेराव कपाकडे बघत बसले.

"पुढच्या रविवारपर्यंत सांगा," समाधानराव उठताना म्हणाले. "माझी आई विचारतेय. तिला काय सांगू? लपवण्यासारखं असेल तर तसं सांगा, म्हणजे आम्हालाही विचार करता येईल."

ते गेल्यावर शेफाली म्हणाली, "बाबा, सांगून टाका ना. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी कोणीतरी कुणाबरोबर गेली. सो व्हॉट? लोक डिव्होर्स घेतात आता."

"तू गप," सर्जेराव म्हणाले. "तुला बोलायला त्वांड हाय हेच लई झालं."

शेफाली आत गेली. मुक्ताबाई कप विसळायला बसली. धुतलेलाच कप ती पुन्हा धूत राहिली.

दुकानात काम पुढे सरकत नव्हतं. पानांवर आकडे होते ते कसरीने खाल्ले होते, त्यामुळे कुठलं पान कुठल्या पानानंतर हे तारखा वाचूनच लावावं लागे. मेहरुन वाचायची, मुक्ताबाई चळत लावायची, पातळ कागदाच्या पट्ट्या फाटलेल्या कडेला चिकटवायची. शिवायला घेतलं की दाभणाने भोकं पाडायची, मेण लावलेला दोरा ओवायचा, प्रत्येक गठ्ठ्याच्या पोटातून सुई न्यायची आणि मागे गाठ घ्यायची. कागद इतका वाळलेला की जोर दिला तर तुटायचा, नाही दिला तर शिलाई ढिली राहायची. तिची मान दुपारपर्यंत आखडून जायची.

"जून अठराशे शहात्तर," मेहरुन वाचायची. "राघू, हमाल, वय तीस, कॉलरा. दुसऱ्या दिवशी मेला. शेख इमाम, विणकर, वय पन्नास, हगवण. अकरा दिवसांनी. नाव नाही, बाई, वय अंदाजे चाळीस, रस्त्यावर सापडली. त्याच दिवशी."

"लेकरं बी असतील," मुक्ताबाई म्हणाली.

"आहेत."

"ती नको वाचूस. नुसती तारीख सांग."

मंगळवारी तिसरी वही लावताना मेहरुन वरचं छापील नाव वाचत होती. "हॅलिडे हॉस्पिटल. कुठे होतं हे, अब्बा? कधी ऐकलं नाही."

दादामियाँ खुर्चीत बसून दोऱ्याला मेण लावत होते. तेवढंच काम त्यांच्या हाताला जमत होतं. "नदीपलीकडे. पडून पन्नास वर्षं झाली. हॅलिडे कोण म्हणतंय, साहेबलोक म्हणत असतील. लोक हळदी दवाखाना म्हणायचे. माझ्या दादीच्या तोंडी हळदीच होतं. पटकी आली की म्हणायचे, अमक्याला हळदीला नेलं. हळदीला गेला म्हटलं की समजायचं, आता परत येत नाही."

मुक्ताबाईची सुई कागदातून सरळ बोटात गेली. तिने बोट तोंडात धरलं. पानावर रक्त पडू नये म्हणून तिने पान दुसऱ्या हाताने लांब सरकवलं होतं, हे तिला नंतर जाणवलं.

"काय म्हनला चाचा? पुन्हा म्हना."

दादामियाँनी पुन्हा सांगितलं. समोर कोणीतरी स्पीकरचा आवाज वाढवला आणि त्यांना ते तिसऱ्यांदा, ओरडून सांगावं लागलं.

मुक्ताबाई उठली. बोळापर्यंत गेली, परत आली. पाणी प्यायली. मग मेहरुनजवळ खाली बसली आणि तिने सगळं सांगितलं, अठ्ठावीस तारखेचंसुद्धा. मेहरुन खळीचा हात वर धरून ऐकत होती. खळ मनगटावर वाळून गेली.

"साल माहीत आहे?"

"न्हाई. नाव बी न्हाई. नवऱ्याचं राणू. गाव वारजं."

"नऊ वह्या आहेत मावशी."

"लावायच्या तर हायतच ना सगळ्या? तारखा वाचतीसच. गाव बी वाच."

दादामियाँ मेणाचा खडा हातात फिरवत होते. "अनिरुद्धसाहेब वाचू नका म्हणाले होते," ते म्हणाले. जरा थांबून म्हणाले, "गाव वाच बेटा. हळू वाच."

त्यानंतरचे दिवस मुक्ताबाईला कशाचीच चव लागली नाही. घरी तिने काही सांगितलं नाही. सापडलंच नाही तर? आणि सापडलं तर ते काय असेल? मोरीत पाणी अंगावर घेताना ती मनात गावं मोजायची: मुंढवा, धनकवडी, पौड, खेड. वारज्याचे दोन निघाले, दोन्ही पुरुष. काम अर्ध्यावरही आलं नव्हतं. मेहरुन आता स्वयंपाक उरकून सकाळी सातलाच दुकान उघडायची. मुक्ताबाई पहिल्या बसने यायची. शिवता शिवता तिला वाटायचं, आपण ह्या माणसांना बांधून ठेवतोय, आणि एखादं नाव शिलाईच्या दुमडीत गेलं तर कायमचं गेलं. म्हणून ती प्रत्येक गठ्ठा शिवण्याआधी मेहरुनला विचारायची, "हे झालं का वाचून?" मेहरुन कंटाळून म्हणायची, "झालं मावशी, झालं."

शनिवारी दुपारी सातव्या वहीत मेहरुन थांबली. तिने पान खिडकीकडे नेलं.

"यस्सू. येसू असेल. येसू कोम राणू. वारजे."

"कोम म्हंजी?"

"म्हणजे अमक्याची बायको," दादामियाँ म्हणाले. "जुन्या कागदात असतं."

"अठराशे एकोणनव्वद. वय वीस. कॉलरा. सतरा जूनला आणली. अठरा जूनला..." मेहरुनचं बोट पुढच्या रकान्यावर थांबलं. "बाजूला काहीतरी लिहिलंय, बारीक. मला लागत नाही."

मुक्ताबाईने पान हातात घेतलं. तिला एक अक्षर कळत नव्हतं. तिने ओळ शोधून दाखवायला सांगितली आणि ती बघत राहिली.

"वाचनालय कधी उघडलंत?"

अनिरुद्ध दारात उभा होता. त्याने चपला काढल्या, आत आला आणि चळती बघितल्या. पाचच वह्या बांधून शिकंज्यात दाबून ठेवलेल्या होत्या.

"शनिवार आहे आज. चार वह्या बाकी. मी शिवायला दिल्या होत्या, कथावाचनाला नाही. सोमवारी मी उरलेल्या उचलतो. दुसरा माणूस आहे माझ्याकडे."

दादामियाँ खुर्चीतून उठले. उठताना त्यांनी टेबलाचा आधार घेतला. "साहेब, चूक माझी. मी वाच म्हणालो. ह्या बाईंच्या घरातलं माणूस आहे त्यात. बाजूला काय लिहिलंय तेवढं वाचून द्या. मग वह्या आजच न्या."

अनिरुद्धने मुक्ताबाईकडे बघितलं. तिने पान पुढे केलं नाही. नुसतं छातीशी धरून उभी राहिली.

"द्या इकडे. असं धरलंत तर तुटेल ते."

त्याने चष्मा कपाळावरून खाली घेतला. ओळ लावायला त्याला वेळ लागला. मग त्याने ती पुन्हा एकदा वाचली.

"नवऱ्याने आणून सोडली," तो म्हणाला. "शुद्धीवर होती. मूल घरी आहे असं सांगत होती. मेल्यावर नवऱ्याला पाटलामार्फत कळवलं. आला नाही. दुसऱ्यांदा कळवलं, आला नाही. देह दवाखान्याने पुरला."

समोरचा स्पीकर बंद पडला होता की चालू होता, मुक्ताबाईला पुढे आठवलं नाही.

"आणखी काही?"

"नाही. एवढंच." अनिरुद्धने पान टेबलावर ठेवलं आणि ते उडू नये म्हणून त्यावर घड्या दाबायची हाडाची पट्टी ठेवली. चपला घालताना म्हणाला, "सोमवारी मी सुट्टीवर आहे. पंचवीसलाच येईन. पण पंचवीसला सगळ्या हव्यात."

मुक्ताबाई घरी पोचली तेव्हा ऊन कलत होतं. सर्जेराव मेथीला पाणी देत होते. ती मोरीकडे गेली नाही, थेट वाफ्यात आली.

"आदी आंगूळ," ते म्हणाले.

"ऐकून घ्या. मग करते."

तिने बांधावर उभ्यानेच सांगितलं. सर्जेराव पाइप धरून उभे होते. पाणी एकाच जागी पडत राहिलं, कोवळी मेथी आडवी झाली, मुळं उघडी पडली.

"विंग्रजांनी लिवलेलं," ते शेवटी म्हणाले. "त्येंला काय, कायबी लिवत्याल. राणू काय एकच व्हता का वारज्यात?"

"असंल दुसरा. पन त्याची बी बायकू हळदीलाच गेली व्हती का? आन तिचं बी पोर घरी व्हतं का?"

"म्हंजी आमचा म्हातारा खोटा?"

"मी खोटा कुटं म्हनलं? त्यो हळदीला गेली म्हनला. खरंच म्हनला. लोक जे समजले ते त्यानं समजू दिलं."

सर्जेरावांनी पाइप टाकला आणि ते इमारतीच्या भिंतीकडेने निघून गेले. जेवायला आले ते मान खाली घालून जेवले. शेफालीने आईकडे बघितलं. आईने मानेनेच नको म्हटलं.

सकाळी मुक्ताबाई बसथांब्यावर आली तर सर्जेराव तिथे उभे होते. धुतलेला सदरा, टोपी. रविवार होता, आजच संध्याकाळी विश्रांतवाडीला उत्तर द्यायचं होतं. बसमध्ये ते तिच्याशेजारी बसले, मधे पिशवी ठेवून.

दुकानात मेहरुनने त्यांना पाणी दिलं. ते त्यांनी हातातच धरलं. मुक्ताबाईने पान काढून समोर ठेवलं. मेहरुनने ओळीखाली बोट धरलं आणि अनिरुद्धने सांगितलेला एकेक शब्द पुन्हा सांगितला. सर्जेरावांनी हात पुढे केला, मागे घेतला, पुन्हा पुढे केला आणि ओळीवर बोट टेकवलं. कागदाला हात लावताना ते भीत होते हे मुक्ताबाईला दिसलं.

"वीस वर्सं," ते म्हणाले. "आपल्या शेफीपरीस ल्हान." मग दादामियाँकडे वळून म्हणाले, "पोर सा म्हैन्यांचं व्हतं वो घरात. त्येला लागली असती तर? त्यो गेला असता तिला आनायला, आन पटकी घिऊन आला असता, तर मी आज हितं नसतो."

"खरं आहे," दादामियाँ म्हणाले.

"भ्याला असंल."

"भ्यालाच असेल. त्या महिन्यात एक्केचाळीस माणसं आहेत ह्या वहीत. कोण भ्यालं नसेल?"

"मग त्यानं तसं सांगायचं," मुक्ताबाई सुईत दोरा ओवत म्हणाली. "पोराला तरी सांगायचं मोठं झाल्यावर, तुजी आई अशी मेली म्हनून. त्या पोरानं जलमभर काय काय ऐकलं असंल. ती तिथं पडून सांगत व्हती, माजं लेकरू घरी हाय. आन हितं आपुन सगळी..."

सर्जेराव बसून राहिले. मेहरुनने ते पान त्याच्या गठ्ठ्यात, त्याच्या तारखेला घातलं. मुक्ताबाईने दाभण घेतलं. सर्जेराव तिचे हात बघत होते. अठरा वर्षांत ते या दुकानात पहिल्यांदा आले होते. गठ्ठा शिवून गाठ मारून होईपर्यंत ते उठले नाहीत. उठले तेव्हा पाण्याचा पेला संपवून त्यांनी तो स्वतः नळावर धुऊन ठेवला.

संध्याकाळी विश्रांतवाडीला तिघंही गेली. समाधानरावांचं घर तिसऱ्या मजल्यावर. पंखा फुल होता तरी सर्जेरावांच्या मानेवर घाम होता. रविराज मोबाइल उलटा ठेवून बसला होता. समाधानरावांची आई सोफ्याच्या टोकाला पाय वर घेऊन बसली होती, चष्म्याची दोरी गळ्यात.

"बोला," समाधानराव म्हणाले.

सर्जेरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "तुम्ही जे ऐकलं ते आमीबी ऐकत आलो. घरातली बाई पळून गेली, म्हनून आमच्यात हळद न्हाई. मी बी तेच बोलायचो, ह्या पोरीला बी बोलायचो." शेफाली जमिनीकडे बघत होती. "तसं नव्हतं. पटकी झाली व्हती तिला. नवऱ्यानं दवाखान्यात नेऊन ठिवली, त्या दवाखान्याचं नाव हळदी. ती तिथं मेली. त्याला दोनदा सांगावा गेला, त्यो गेला न्हाई. घरी येऊन हळदीला गेली म्हनला आन गप बसला. कागद हाय. बघायचा असंल तर पंचवीस तारखेपतुर दुकानात हाय."

"कागद कशाला बघायचा," समाधानराव म्हणाले.

"न्हाई, बघा. मी बघितला." सर्जेरावांनी टोपी मांडीवर घट्ट धरली. "आमची बाई पळाली नव्हती. आमचा माणूस पळाला. त्याच्या रगताचा मी हाय. हे ऐकून तुम्हाला सोयरीक नको वाटली तर माजं काय म्हननं न्हाई. पन तिच्यापायी मोडली असं म्हनू नका."

रविराजने वडिलांकडे पाहिलं. समाधानराव बोटाने टीपॉयच्या काचेवर रेघ ओढत होते. खाली रस्त्यावर आळंदीकडे जाणाऱ्या गाड्यांचे हॉर्न वाजत होते. मुक्ताबाईच्या मनात आलं, आता उठावं लागणार, जिना उतरावा लागणार, आणि पोरीला काय सांगायचं.

म्हातारीने पाय खाली सोडले.

"नाव काय म्हणालात तिचं?"

"नाव मी घेतलं न्हाई अजून," सर्जेराव म्हणाले. त्यांनी मुक्ताबाईकडे पाहिलं, पण तिने काही सांगितलं नाही. ते नाव त्यांच्या घरात एकशे पस्तीस वर्षांत कोणी चारचौघांत घेतलं नव्हतं, आणि ते त्यांनाच घ्यावं लागणार होतं.

"येसू," सर्जेराव म्हणाले.

"जरा मोठ्यानं. मला कमी ऐकू येतं."

"येसू," ते मोठ्याने म्हणाले, इतक्या मोठ्याने की आतल्या खोलीतून कोणीतरी दारात येऊन उभं राहिलं. "येसूबाई राणू ढोणे. वारजं."

म्हातारीने मान हलवली. मग शेफालीला जवळ बोलावलं, आपल्याशेजारी बसवलं आणि समाधानरावांना म्हणाली, "पत्रिका छापायला गेल्या नाहीत ना अजून? मुलीकडच्या बाजूला वर आपण कैलासवासी पूर्वजांची नावं घालतो. त्यात हे पहिलं घाल."